ट्राउटचे पर आणि हॅचरीची दीडशे वर्षं



मागे इथे ट्राउटच्या कालवणावर बराच खल झाला होता. तिरफळ घालावं की नाही यावरून दोन तट पडले, आणि त्या गडबडीत कोणीतरी सहज विचारलं होतं की नदीतला ट्राउट आणि हॅचरीतून आणून सोडलेला ट्राउट ओळखायचा कसा. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं म्हणून वाचायला बसलो आणि विषय दीडशे वर्षं मागे घेऊन गेला. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. मत्स्यशास्त्राशी संबंध म्हणजे कोलोरॅडोचं वार्षिक फिशिंग लायसन्स आणि एक गळ, एवढाच. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. बाजारात कल्ले उचलून मासा ताजा की शिळा ते बघणाऱ्या आपल्या लोकांना हे अवघड नाही. फक्त इथे कल्ले नाहीत, पर बघायचे. नदीत जन्मलेल्या ट्राउटच्या पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडतो, त्याच्या कडा धारदार असतात, छातीजवळचे पर लांब आणि टोकदार असतात. हॅचरीतल्या माशाचा पाठीवरचा पर बऱ्याचदा नुसता खुंट असतो. छातीचे पर आखूड, कडा झिजलेल्या किंवा वाकड्या. अंग फिकट, रुपेरी-करडं, ठिपके असतात पण भडकपणा नाही. कापल्यावर मांस पांढरट.

याची कारणं अगदी घरगुती आहेत. सिमेंटच्या लांबट हौदात हजारो मासे दाटीवाटीने वाढवले की खाण्यासाठी झोंबताना ते एकमेकांचे पर कुरतडतात. वर सिमेंटचा खरखरीतपणा आहेच. रंगाचं म्हणाल तर ट्राउटच्या अंगातली लाली खाण्यातून येते. नदीत तो बारीक कोळंबीच्या जातीचे जीव खातो, त्यातलं अ‍ॅस्टाझॅन्थिन मांसात उतरतं. हॅचरीत ते खाद्यात मिसळलं नाही तर मासा पांढराच राहतो. शिवाय मासा पार्श्वभूमी बघून रंग बदलतो. फिकट सिमेंटच्या हौदात, उघड्या आकाशाखाली वाढलेला मासा फिकट होतो. नदीत सोडल्यावर काळ्या-तपकिरी गोट्यांवर तो बगळ्याला लांबून दिसतो.

आता हा मासा असा का झाला, त्याची गोष्ट.

माशाची अंडी आणि नराचं रेत हाताने काढून पिल्लं तयार करण्याची कृती युरोपात अठराव्या शतकातच कळली होती, पण अमेरिकेत तिचा धंदा केला तो सेथ ग्रीन या माणसाने. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅलेडोनिया गावी १८६४ मध्ये त्याने हॅचरी काढली. त्या काळी सगळे गाबोळी पाण्यात सोडून मग त्यावर रेत टाकत आणि फारच थोडी अंडी फळत. ग्रीनने आधी कोरड्या भांड्यात अंडी घेतली, त्यावर रेत, आणि पाणी शेवटी. जवळजवळ सगळी अंडी फळायला लागली. ही युक्ती त्याने बरेच दिवस कोणाला सांगितली नाही. (एका रशियन माणसाला ती आधीच सापडली होती, पण त्याचा पत्ता ग्रीनला नव्हता.) पेटंट नव्हे, ट्रेड सीक्रेट! आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे नवीन नाही. :-)

पुढे १८७१ मध्ये सरकारने फिश कमिशन नेमलं. स्पेन्सर बेअर्ड हा त्याचा प्रमुख. कमिशन नेमायचं कारण खरं होतं: गिरण्या, धरणं, लाकडाचे कारखाने आणि बेसुमार मासेमारी यांनी पूर्वेकडच्या नद्या रिकाम्या होत चालल्या होत्या. पण धरणं पाडणं किंवा गिरण्यांना आवरणं राजकीयदृष्ट्या अवघड, मासे तयार करून सोडणं सोपं आणि लोकांना दिसणारं. माझ्या मते इथेच पुढच्या शंभर वर्षांची दिशा ठरली. नदी दुरुस्त करायच्या ऐवजी मासा पुरवायचा.

१८७२ मध्ये बेअर्डने लिव्हिंग्स्टन स्टोन नावाच्या माणसाला उत्तर कॅलिफोर्नियात पाठवलं. हा आधी चर्चमध्ये धर्मोपदेशक होता, मग मत्स्यपालनाकडे वळला. मॅकक्लाउड नदीकाठी, विनेमेम विंटू लोकांच्या मुलखात, त्याने सामनची अंडी गोळा करायचं केंद्र थाटलं आणि त्याला साहेबांचं नाव दिलं, बेअर्ड. १८७९ मध्ये जवळच ट्राउटसाठी तळी बांधली आणि १८८० पासून तिथून रेनबो ट्राउटची अंडी बाहेर जाऊ लागली. ओल्या शेवाळात गुंडाळून, बर्फावर ठेवून, रेल्वेने. १८८१ पासून तर कमिशनचे स्वतःचे खास रेल्वेडबे होते. त्यात दुधाच्या कॅनसारख्या कॅनमधून मासे देशभर फिरायचे, आणि वाटेत लागेल त्या नदीत सोडले जायचे. रेनबो मुळात पॅसिफिकच्या बाजूचा मासा. आज तो अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या राज्यांत आहे, अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात आहे. ते मॅकक्लाउडचं केंद्र मात्र आता शास्ता धरणाच्या जलाशयाखाली आहे.

रेनबोच का, तर तो हौदात तग धरतो. दाटी सोसतो, गरम पाणी थोडंफार सोसतो, दिलेलं खातो. आणि पिढ्यान्‌पिढ्या हौदात ठेवल्यावर तो आणखीच हौदाचा झाला. कोणी मुद्दाम वाईट काही केलं नाही. जे मासे माणूस आला की घाबरून तळाशी दडी मारत ते कमी खात, कमी वाढत. जे वर येऊन तोंड उघडत ते लवकर मोठे होत, आणि पुढच्या वर्षीची अंडी त्यांचीच घेतली जात. रानातला रेनबो वसंतात अंडी घालतो. हॅचरीवाल्यांना पिल्लं लवकर हवी असत, म्हणून जे लवकर अंडी देत त्यांनाच ठेवलं, असं करत करत काही जाती चक्क शरदात अंडी घालू लागल्या. खाणं म्हणजे कत्तलखान्यातलं काळीज आणि उरलंसुरलं मांस दळून, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गोळ्या. गोळ्या आल्यावर उत्पादन कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांकडे गाड्या होत्या, सुट्ट्या होत्या, आणि सरकारी ट्रक शुक्रवारी पुलावरून मासे ओतायचा. शनिवारी लोक ते पकडायचे.

या उलाढालीतलं सगळ्यात वाईट प्रकरण १९६२ चं. वायोमिंग-युटामध्ये ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरण होत होतं. नव्या जलाशयात रेनबो सोडायचे, तर आधीचे 'टाकाऊ' मासे नकोत, म्हणून त्या सप्टेंबरात ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्या मिळून सुमारे ४४५ मैलांत रोटेनोन हे विष सोडलं. खाली उतारा म्हणून रसायन टाकायची व्यवस्था होती, पण विष त्यापलीकडे डायनासोर नॅशनल मॉन्युमेंटच्या हद्दीत गेलं. ज्यांना टाकाऊ म्हटलं त्यांतले हम्पबॅक चब, पाइकमिनो वगैरे मासे पुढे सरकारच्याच धोक्यातल्या जातींच्या यादीत आले आणि त्यांना वाचवायला पैसे खर्च होऊ लागले.

उलट्या दिशेने पहिलं मोठं पाऊल माँटानाने टाकलं. तिथल्या राज्य खात्यातला जीवशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट मॅडिसन नदीत ट्राउट मोजत होता. त्याने एक साधा पण धाडसी प्रयोग केला: नदीच्या ज्या भागात दरवर्षी हॅचरीचे मासे सोडत तिथे ते बंद केले, आणि ओडेल क्रीक या ओढ्यात, जिथे सोडत नव्हते, तिथे सोडायला सुरुवात केली. जिथे बंद केलं तिथे रानातले मासे वाढले. जिथे सोडले तिथे कमी झाले. कारण सोडलेला मासा स्वतः फार दिवस जगत नाही, पण तेवढ्या दिवसांत जागेवरून भांडतो, चांगल्या आडोशातून रानातल्या माशाला हाकलतो, आणि त्याच्या मागे येणारी गळवाल्यांची गर्दी दोघांनाही पकडते. हॅचरीवाले, मोटेलवाले, गळ-दोरीचे दुकानदार, सगळ्यांनी आरडाओरडा केला. तरी १९७४ मध्ये माँटानाने, जिथे ट्राउट आपोआप टिकू शकतो अशा नद्यांत हॅचरीचे मासे सोडणं बंद केलं. आज माँटानात गळ टाकायला जगभरातून लोक येतात ते रानातल्या ट्राउटसाठी.

पण सगळीकडे असं करता येत नाही. जिथे उन्हाळ्यात पाणी तापतं, किंवा धरणामुळे अंडी घालायला जागाच उरली नाही, तिथे मासे सोडले नाहीत तर मासेच नसतात. आणि लायसन्सचे पैसे भरणारा गिऱ्हाईक बुटक्या पराचा फिकट मासा बघून नाक मुरडतो. म्हणून १९९० च्या दशकात दुसरा प्रश्न पुढे आला: हॅचरीतलाच मासा रानातल्यासारखा दिसेल, वागेल असा वाढवता येईल का?

युटात लोगनच्या सरकारी संशोधन केंद्रात सिमेंटच्या हौदाच्या तळाशी नदीतले गोटे बसवून पाहिले. कटथ्रोट आणि रेनबो, दोघांचे पर सुधारले. मग वॉशिंग्टन राज्यात मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत डेस्मंड मेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामनसाठी अख्खा हौदच नदीसारखा सजवला. तळाला खडी, पाण्यात झाडाच्या फांद्या, वरून सावली देणारी जाळी. पिल्लांच्या अंगावर तळाशी मिळणारे रंग आणि डाग आले. सोडल्यावर स्वच्छ पाण्याच्या नदीतून खाली जाताना त्यातली जास्त पिल्लं वाचली.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग डेव्हिसचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गॅब्रिएल नेव्हिट यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की हॅचरीतल्या रेनबोच्या मेंदूचे काही भाग रानातल्यापेक्षा लहान असतात. मग २००६ मध्ये त्यांनी स्टीलहेडच्या अगदी कोवळ्या पिल्लांच्या टाकीत नुसते दगड ठेवले. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परत येणारा रेनबोच. दगडांबरोबर वाढलेल्या पिल्लांचं अनुमस्तिष्क, म्हणजे तोल आणि हालचाल सांभाळणारा भाग, दगड नसलेल्यांपेक्षा मोठा भरला. दगड! खेळणी नाहीत, कोचिंग क्लास नाही. (इथे आपल्या मुलांकडे वळायचा मोह होतोय, तो आवरतो.)

हॅचरीवाल्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. गोट्यांमध्ये विष्ठा आणि उरलेलं खाद्य अडकतं, हौद धुणं महाकर्मकठीण होतं आणि रोगाची भीती वाढते. लाखो मासे आणि मोजकी माणसं. म्हणून साउथ डकोटातल्या मॅकनेनी हॅचरीत मायकेल बार्न्स आणि मंडळींनी वेगळी शक्कल लढवली: झाकलेल्या गोल टाकीत वरून अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या टांगल्या. तळ मोकळा राहतो, साफसफाईला अडथळा नाही, आणि माशांना दांड्यांच्या आडोशाने पोहता येतं. वाढ चांगली झाली. मला हे इंजिनिअरच्या डोक्याचं काम वाटतं, म्हणून मनापासून दाद.

आता एक गंमतही सांगायला हवी. लोकांना नेहमी रानातल्यासारखाच मासा हवा असतो असं नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या हॅचरीत १९५५ मध्ये पिवळे डाग असलेलं रेनबोचं एक पिल्लू सापडलं. त्याच्यापासून पूर्ण सोनेरी पिवळ्या ट्राउटची जात तयार केली आणि १९६३ मध्ये, राज्याच्या शताब्दीला, ती ओढ्यांतून सोडली. काठावरूनच केळ्यासारखा पिवळाधमक दिसतो. पोरंटोरं खूश, बगळेही खूश. ही जात अजून सोडतात.

तर हौद नदीसारखा केला की काम झालं का? इथे मला जरा थांबावं लागलं. याकामा आदिवासी राष्ट्राच्या क्ली एलम हॅचरीत १९९७ पासून हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला. निम्म्या हौदांत नेहमीची चांगली पद्धत, निम्म्यांत रंगवलेल्या भिंती, सावली, फांद्या वगैरे. पिल्लं समुद्रात गेली, काही वर्षांनी मोठी होऊन परत आली. मोजल्यावर दोन्ही गटांच्या जगण्यात लक्षात घ्यावा असा फरक निघाला नाही. दिसायला नीट, आयुष्य तेवढंच.

त्याच सुमारास ओरेगनच्या हूड नदीवरून आणखी वाईट बातमी आली. हितोशी अराकी, मायकेल ब्लूइन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या स्टीलहेडची डीएनएवरून वंशावळच काढली, कोणाची किती पिल्लं जगून परत आली ते पाहिलं. २००७ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. लक्षात घ्या, हे रानातल्या आईबापांपासून नुकतीच सुरू केलेली हॅचरी होती, शंभर वर्षांची नव्हे. २०१६ मध्ये त्याच विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं की एकाच पिढीत सातशेहून जास्त जनुकांच्या कामात फरक पडतो, आणि त्यातली बरीचशी जखम भरणं, रोगप्रतिकार आणि चयापचय यांच्याशी निगडित. म्हणजे कुरतडलेले पर आपल्याला बाहेरून दिसतात, पण त्या दाटीत कोण जगणार याची निवड आत चालू असते. हौदात गोटे टाकून पर वाचवता येतात, निवड थांबत नाही. टेस्ट सर्व्हरवर सगळं हिरवं दाखवणारं सॉफ्टवेअर प्रॉडक्शनला गेल्यावर काय करतं ते आपण सगळ्यांनी सोसलं आहे. फरक एवढाच की मासा परत मागवून दुरुस्त करता येत नाही.

दिसण्यावर विसंबण्याचा सगळ्यात मोठा धडा मात्र आमच्याच कोलोरॅडोने घेतला. ग्रीनबॅक कटथ्रोट हा इथला राज्यमासा. एकेकाळी नामशेष समजला होता, मग थोडे सापडले, आणि दशकानुदशकं हॅचरीत वाढवून ओढ्या-तळ्यांतून सोडले. यशोगाथा म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं. २०१२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या जेसिका मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बरण्यांत घालून संग्रहालयांत ठेवलेल्या माशांचा डीएनए काढला. कळलं असं की ग्रीनबॅक म्हणून जे सोडत आलो ते बहुतेक डोंगराच्या पश्चिमेकडच्या दुसऱ्याच वंशाचे होते. अंगावरचे ठिपके, रंग मोजून ओळखले होते, आणि फसगत झाली. खरे ग्रीनबॅक उरले होते फक्त कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीक या ओढ्याच्या काही मैलांत.

आणि तो ओढाही त्यांचा मूळचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात पाइक्स पीकच्या वाटेवर हॉटेल चालवणाऱ्या एका माणसाने पाहुण्यांसाठी तिथे ट्राउट आणून सोडले होते. म्हणजे ज्या सोडण्या-आणण्याने ही जात बाकी सगळीकडून गेली, त्याच सोडण्या-आणण्याने ती एका कोपऱ्यात वाचली. आता त्याच माशांची अंडी हॅचरीत वाढवतात, आणि २०१४ मध्ये झिमरमन लेकमध्ये त्यांची पिल्लं सोडली. २०२२ मध्ये राज्य खात्याने जाहीर केलं की हर्मन गल्च या ओढ्यात ते आपणहून वीण करू लागले आहेत. तेव्हा 'हॅचरी बंद करा' असं सरसकट म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जात नाही. कोणत्या माशासाठी आणि किती पिढ्या, हे विचारायला हवं. इंग्लंडमध्येही २०१५ पासून नद्यांत ब्राउन ट्राउट सोडायचा तर तो वांझ असावा किंवा त्याच नदीच्या स्थानिक माशांपासून काढलेला असावा, असा नियम आहे.

हे सगळं गोऱ्यांचं, असं वाटत असेल तर लोणावळ्याला चला. ट्राउट आपल्या पाण्यात जगत नाही, पण महसीर जगतो. महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे म्हणून जे मोठमोठे मासे लोक बघायला जातात, ते महसीर. आपल्या दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. धरणांनी त्याचं अंडी घालायला वर चढणं अडलं. म्हणून १९७० च्या दशकात लोणावळ्यात वळवण धरणाशी टाटांच्या वीज कंपनीने हॅचरी उभारली आणि राज्याचे निवृत्त मत्स्यसंचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी महसीरची कृत्रिम वीण यशस्वी केली. मादीची अंडी हाताने काढायची, त्यावर रेत, ग्रीनचीच रीत. त्या काळात एवढा मोठा प्रकल्प उभा राहिला, मला त्याचं कौतुकच आहे. बोटुकली निरनिराळ्या राज्यांना वाटली गेली. त्यातली काही कर्नाटकात कावेरीत सोडली.

कावेरीत स्वतःचा महसीर होता. पाठीला उंचवटा, नारिंगी पर, आणि आकार अवाढव्य: कावेरीच्या खोऱ्यात म्हैसूरच्या व्हॅन इन्जेन यांनी १९४६ मध्ये पकडलेला १२० पौंडांचा होता. लोणावळ्याहून गेलेला दख्खनी महसीर निळसर परांचा. एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी कावेरीवरच्या मासेमारी कँपच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदवह्या तपासल्या. गळाला लागणाऱ्या महसीरांची संख्या वाढत गेली होती, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की नदी सुधारतेय. पण वाढत होते ते निळ्या परांचे. नारिंगी परांचे जवळजवळ दिसेनासे झाले होते. आणि तोवर त्या माशाला नीट शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. २०१८ मध्ये ठरलं की केरळच्या पांबार नदीतल्या नमुन्यांवरून २००७ मध्ये वर्णन केलेला टॉर रेमादेवी तो हाच, आणि त्याच वर्षी त्याची नोंद 'अतिशय धोक्यात' या वर्गात झाली. त्या वर्गाच्या पुढची पायरी म्हणजे रानातून नामशेष. आपला निळ्या परांचा मात्र तेव्हापासून 'धोका कमी' या वर्गात आहे.